मोघ्यांचे पंचाहत्तर ओहम

नाव: यज्ञेश्वर त्र्यंबक मोघे. वय: एकाहत्तर वर्षे पूर्ण. राहणार: नारायण पेठ, पुणे. बांधा: शिडशिडीत. वर्ण: गोरा, उन्हात गेल्यास तांबूस. ओळखीची खूण: उजव्या तर्जनीवर सोल्डरिंगच्या चटक्याचा जुना डाग, शर्टाच्या खिशात स्टीलची सहा इंची पट्टी. भूतपूर्व हुद्दा: वरिष्ठ तंत्रज्ञ, दृक्-श्राव्य विभाग. सेवाकाल: चौतीस वर्षे दोन महिने. वर्तणूक: समाधानकारक. शेरा: सदर इसमाने सेवाकालात अथवा तदनंतर, व्हिडिओच्या कामी पन्नास ओहमचा कनेक्टर स्वतः वापरल्याची अथवा इतरांस वापरू दिल्याची नोंद आढळून येत नाही.

शेऱ्याचा खुलासा करणं भाग आहे. व्हिडिओची केबल जिथे संपते तिथे बोटाच्या पेराएवढा धातूचा एक तुकडा असतो. ढकलायचा, पाव फेरा फिरवायचा, खट् झालं की बसला. हा बीएनसी कनेक्टर. तो दोन जातींत मिळतो. पन्नास ओहमचा वायरलेसवाल्यांचा आणि पंचाहत्तरचा व्हिडिओवाल्यांचा. बाहेरून दोघे जुळे भाऊ, एकमेकांत बसतातही मुकाट्याने. ओळखायचं तर तोंडात डोकावावं लागतं. पन्नासवाल्यात मधल्या पिनेभोवती पांढरं प्लास्टिक दिसतं, पंचाहत्तरवाल्यात बहुतेक हवाच. मोघ्यांनी आयुष्यातली चौतीस वर्षं या तोंडात डोकावण्यात घालवली. पांढरं दिसलं की खोका परत.

एकदा असेच खोके परत गेले असताना विभागाचं एक चित्रीकरण अडलं. तात्याराव म्हणून एक वयोवृद्ध प्राध्यापक होते, मोडी कागद वाचून दाखवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी उरला नव्हता. त्यांचं व्याख्यान टेप करून ठेवायचं होतं. मोघे म्हणाले, पंचाहत्तरचे आल्याशिवाय स्टुडिओ सुरू होणार नाही, आठ दिवसांत येतात. आले, बरोबर आठव्या दिवशी. तात्याराव सातव्या दिवशी गेले. यावर विभागात कुणी मोघ्यांना काही बोललं नाही. पुण्यात असं न बोलणं फार स्पष्ट ऐकू येतं.

निवृत्तीनंतर पुण्याच्या पूर्वेकडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात वर्षातून एकदा त्यांना तासभर बोलायला बोलावत. तो तास सबंध कनेक्टरवर जाई. मुलं मोबाइलात डोकी घालून बसत आणि मोघे खिडकीबाहेरच्या अशोकाच्या झाडाला उद्देशून बोलत. यंदा मात्र मधल्या बाकावरच्या वैष्णवी घुलेनं हात वर केला.

"सर, पण प्रॅक्टिकली फरक पडतो का?"

अशोकाच्या झाडाने असं कधी विचारलं नव्हतं.

"प्रश्न फरकाचा नाही," मोघे म्हणाले. "प्रश्न पंचाहत्तरचा आहे."

तास संपल्यावर ती दारात उभी होती. "सर, आमच्या आजीच्या टीव्हीचा एक इश्यू आहे. म्हणजे आजीचा आहे की टीव्हीचा, तेच कळत नाहीये. अंगणातल्या कॅमेऱ्याची केबल डायरेक्ट टीव्हीला आहे. बीएनसी कनेक्टर आहेत."

"तोंडात पांढरं दिसतं का?"

"बघितलं नाही, सर."

"मग मला यायलाच पाहिजे," मोघे म्हणाले.

रविवारी सकाळी ते बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात सामान भरत होते. पंचाहत्तरचे तीन नवे कनेक्टर, तीन तोंडांचा एक टी, चिमटा, सोल्डरिंगची कांडी, काही रेझिस्टर, मीटर. कुसुमताई दाराच्या चौकटीला टेकून बघत होत्या.

"मला बघायला आला होतात, तेव्हा एवढी तयारी नव्हती तुमची."

"तेव्हा पत्रिका जुळली होती."

"हो ना. कनेक्टर बघायचा राहिला," कुसुमताई म्हणाल्या आणि आत गेल्या.

हडपसरला बस बदलून मोघे मांजरीला उतरले तेव्हा दहा वाजून गेले होते. मार्गशीर्षातलं ऊन अजून दुधासारखं होतं. रस्त्याच्या एका अंगाला पंधरा-पंधरा मजली इमारती धुक्यात कमरेपर्यंत बुडालेल्या; वरचे मजले नुसतेच हवेत, कुणी ठेवून विसरल्यासारखे. दुसऱ्या अंगाला ऊस. उसाला तुरे आले होते आणि वारा नसताना ते हलत होते. मोघ्यांना क्षणभर वाटलं की आपण एखाद्या मॉनिटरच्या काचेतूनच बघतो आहोत, आणि त्यांनी सवयीने चष्मा पुसला.

वैष्णवीचे वडील संभाजीराव फाटकापाशीच भेटले. बहुतेक जमीन इमारतींना देऊन झालेली, दीड एकर ऊस आणि एक विहीर राखलेली. माणूस दमलेला दिसला.

"सर, तुम्ही आलात, बरं झालं. पण आधीच सांगतो." त्यांनी आवाज खाली घेतला. "आईला आप्पा दिसतात टीव्हीत, म्हणजे माझे वडील. आप्पांना जाऊन चौदा महिने झाले. परवा मंगळवारी मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. तो टीव्ही काढूनच टाकणार होतो मी, पण ही पोरगी म्हणाली, थांबा."

"काय दिसतं नेमकं?"

"अंगणातून कोणी चाललं की म्हणते, मालक बरोबर हायेत. आता हे बघा." त्यांनी मोबाइल पुढे धरला. गोठ्याच्या भिंतीवर त्यांनी नवा वायफायचा कॅमेरा लावला होता. त्यात अंगण लख्ख दिसत होतं आणि त्यात संभाजीराव व मोघे, प्रत्येकी एकच. "दिसतंय का आणखी कोणी?"

"यात नाही," मोघे म्हणाले.

खोलीत कॉटवर मथुराबाई उशांना टेकून बसल्या होत्या. खुबा मोडल्यापासून त्या उठल्या नव्हत्या. पायांच्या दिशेला, टेबलावर, जुन्या बाजारातून आणलेला वीस इंची स्टुडिओचा मॉनिटर.

"तुमी बी डॉक्टर का?"

"नाही. मी व्हिडिओचा."

"मग बसा मास्तर. डॉक्टर बसत न्हाईत, उभ्या उभ्या बोलत्यात. ही समदी मला येरवड्याला धाडाया निघाल्यात."

"आई, येरवडा कोण म्हणालं? मगरपट्ट्यातले डॉक्टर आहेत," संभाजीराव म्हणाले.

"गाव बदललं म्हणून काय झालं!"

मोघे बसले. पडद्यावर अंगण होतं. डावीकडे घराचं दार, उजवीकडे फाटक, मध्ये तुळस. रंग उतरलेले, जुन्या फोटोतल्या आठवणीसारखे. दारातून सूनबाई, म्हणजे वैष्णवीची आई, सुपात शेंगा घेऊन निघाल्या. आणि त्यांच्या उजव्या अंगाला, बोटभर अंतरावर, फिकट, धुरकट, पण उंचीनं बरोबर तेवढंच, आणखी कुणीतरी निघालं. सूनबाई थांबल्या, ते थांबलं. त्या वाकल्या, तेही वाकलं.

"दोन दिसतात," मोघे म्हणाले.

संभाजीरावांच्या चेहऱ्यावर, मंगळवारी दोघांची वेळ घ्यावी लागणार, असा काहीसा भाव आला.

"बघ!" मथुराबाई म्हणाल्या. "मास्तरला बी दिसत्यात."

"आई, पडदा पुसट आहे तो. जुना टीव्ही आहे."

"पुसट तुझं डोळं. तू कधी बसलायस हितं दोन मिनिटं? मास्तर, माणूस बाहीर जाया लागलं की ते म्होरं असत्यात. घरात याया लागलं की मागं. जाताना वाट दावत्यात, येताना पाठ राखत्यात. जल्मभर तसंच केलं त्यांनी."

मोघ्यांनी पुन्हा पाहिलं. बाई शब्दशः खरं सांगत होत्या. सावली नेहमी उजवीकडे. त्यामुळे फाटकाकडे जाणाऱ्याच्या ती पुढे आणि दाराकडे येणाऱ्याच्या मागे. इतकं अचूक निरीक्षण विभागात चौतीस वर्षांत कुणी लिहून दिलं नव्हतं.

"आणि तुळशीशेजारी?" वैष्णवीनं हळूच विचारलं. "आजी, तुळशीपण दोन आहेत."

"तुळशीला सोबत नको व्हय?"

मोघे उठून मॉनिटरच्या मागे गेले. टीच्या एका तोंडात कॅमेऱ्याची केबल, दुसऱ्यात आणखी एक, खिडकीतून बाहेर जाणारी. त्यांनी एक कनेक्टर फिरवून काढला, खिडकीच्या उजेडात धरला आणि तोंडात डोकावले.

पांढरं.

बाकीचेही पांढरे. मोघ्यांच्या छातीत जे भरून आलं त्याला आनंद म्हणणं बरं दिसणार नाही, पण दुसरा शब्द नाही. सावली होती, आणि पन्नास ओहम होते. तात्यारावांच्या वेळी अडवलं ते उगीच नव्हतं. याच सावलीसाठी अडवलं होतं.

"ही खिडकीतली कुठे जाते?" त्यांनी विचारलं.

"ती डिशची असेल," संभाजीराव म्हणाले.

ज्याने आयुष्यभर केबली ओढल्या त्याने 'असेल' या शब्दावर विश्वास ठेवू नये. पण मोघ्यांचं लक्ष पांढऱ्यावर होतं. तासभर ते काम करत राहिले. शिडीवर चढून कॅमेऱ्याकडचा बदलला, टीकडचे दोन्ही बदलले, टी बदलला. काढलेले तीन पन्नासवाले मुद्देमालासारखे शर्टाच्या खिशात टाकले. पुढच्या वर्षीच्या तासाला दाखवायला होतील. मग मॉनिटर सुरू केला.

सूनबाई रिकामं सूप घेऊन परत येत होत्या. त्यांच्या मागून, बोटभर अंतरावर, फिकट, धुरकट, कुणीतरी घरात येत होतं.

केसभरही फरक नव्हता.

"सर," वैष्णवी म्हणाली, आणि पुढचं बोलली नाही. पोरगी हुशार होती.

"ऱ्हायले," मथुराबाई समाधानाने म्हणाल्या. "मास्तर, चा घ्या."

मोघे खुर्चीत बसले. कपातल्या चहावर साय धरली तरी त्यांनी तो उचलला नाही. त्यांना ठाऊक होतं. खरं तर कायमच ठाऊक होतं. अशा चित्रातली सगळ्यात बारीक लाट केबलमध्ये चाळीस मीटर लांब असते. तेवढ्या लाटेला पेराएवढा कनेक्टर म्हणजे हमरस्त्यावरचा खडा. गाडी जाते, आतल्याला कळतही नाही. मोठ्या वेगाच्या नव्या डिजिटल यंत्रांत खडा लागतो. तात्यारावांच्या साध्या टेपला लागला नसता. मुलीनं वर्गात विचारलं तेव्हा उत्तर एका शब्दाचं होतं आणि त्यांनी ते अशोकाच्या झाडालाही सांगितलं नव्हतं.

समोर अंगण उजळलं होतं. धुकं विरलं तशी सावली जास्तच स्पष्ट झाली. एक कोंबडी गेली, तिच्यापुढे कोंबडीची आठवण गेली. फाटकातून गॅसवाला आला, त्याच्यामागून त्याच्याहून हलकं कुणीतरी काही न उचलता आलं. मोघे बघत राहिले. इथे रोज दिवसभर बसलं तर आपणही नावं द्यायला लागू, त्यांना वाटलं. आणि तात्यारावांचं नाव आधी येईल.

मग हात आपोआप खिशाकडे गेला. त्यांनी स्टीलची पट्टी काढली, मॉनिटरपाशी गेले आणि तुळशीपासून तिच्या सावलीपर्यंतचं अंतर मोजलं. एक सेंटिमीटर चार मिलिमीटर, आणि वर थोडं.

"कागद आहे का?"

संभाजीरावांनी हाताशी होतं ते दिलं, डॉक्टरांच्या वेळेचं कार्ड. मोघ्यांनी त्याच्या पाठीवर आकडे मांडले.

"चित्र केबलमधून धावतं," ते वैष्णवीला म्हणाले, आणि पहिल्यांदाच झाडाशी बोलल्यासारखे बोलले नाहीत. "शेवटी त्याला घेणारं काहीतरी लागतं. नसेल, तर ते टोकाला आपटून माघारी येतं. जाऊन येईपर्यंत पडद्यावरची रेघ थोडी उजवीकडे सरकलेली असते. म्हणून सावली उजवीकडे. जितकी लांब, तितकं टोक दूर. या पडद्यावर एका सेंटिमीटरला सव्वाशे मीटर पडतात. ही एकशे ऐंशी मीटरवरून येते आहे."

"कॅमेरा तर पंचवीस मीटरवर आहे," संभाजीराव म्हणाले.

"एकशे ऐंशी म्हणजे केबलची पुरी दोन बंडलं. ती दोन बंडलं कुठे आहेत?"

मग मोघे खिडकीपाशी गेले आणि डिशच्या म्हणून सोडून दिलेल्या केबलकडे त्यांनी नीट पाहिलं. ती पत्र्याखालून निघाली होती, शेवग्याच्या झाडाला बांधली होती, आणि पुढे बांबूंवरून उसाच्या कडेकडेने चालली होती.

तिघे तिच्या मागे निघाले. पुढे मोघे, मान वर करून. बांधावर दहिवर होतं. दोन्ही बाजूंनी ऊस इतका उंच, की इमारती नाहीशा झाल्या. वर फक्त आकाशाची एक पट्टी आणि तिच्यात काळी रेघ. नव्वदाव्या मीटरला दोन बंडलांचा सांधा होता, दुधाच्या पिशवीत गुंडाळलेला. मोघ्यांनी पिशवी सोडवली, दोन्ही कनेक्टरांत डोकावले, पांढरं पाहिलं, आणि पिशवी होती तशी बांधून पुढे गेले. त्यांच्या सेवेत असं प्रथमच घडत होतं.

केबल विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत शिरली.

आत एक बाज, खिळ्याला सदरा, कोनाड्यात चुन्याची डबी. भिंतीवर लाकडी फळी, तिच्यावर धुळीत चौकोनी स्वच्छ जागा. आणि फळीच्या कडेवरून लोंबणारं केबलचं टोक. कनेक्टरही उरला नव्हता, नुसती तांब्याची तार उघडी.

"आप्पा दिवसभर इथंच असायचे," संभाजीराव म्हणाले. "दोन टीव्ही आणलेले त्यांनी जुन्या बाजारातून. मला वाटायचं बातम्या बघतात." ते फळीकडे बघत होते. "ही केबल घरातनं ओढलीय, हे मला ठाऊकच नाही. आई अंगणात बसायची तेव्हा. निवडत, पाखडत."

"तो टीव्ही?"

"शेजारच्या सोसायटीच्या वॉचमनला दिला. वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी. केबल कापली नि दिला."

"बंद असला तरी तो चित्र घेत होता," मोघे म्हणाले. "घेण्यापुरतं त्याला चालू असावं लागत नाही."

"बाबा," वैष्णवी म्हणाली, "आजीनं वर्षश्राद्धानंतरच सांगायला सुरुवात केली."

संभाजीराव बाजेवर बसले. बाज करकरली. ते म्हणाले, "आईला मीच सांगतो, तिला बरोबर दिसत होतं म्हणून."

त्यांनी सांगितलं, तेही खोलीत उभ्याने नव्हे, कॉटवर बसून. मथुराबाईंनी मुलाची कबुली फारशी मनावर घेतली नाही. ती त्यांना नवीन नव्हती. त्यांनी मोघ्यांकडे पाहिलं.

"म्हंजी चित्र त्यांच्यापातुर जातंय."

"जातं."

"रोज?"

"सेकंदाला पंचवीस वेळा."

"आन् तितं घ्याया कुनी न्हाई, म्हणून माघारी येतंय."

"हो."

मथुराबाई बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या. अंगणात कुणी नव्हतं. दोन तुळशी होत्या.

"मला वाटायचं, ते हितं येत्यात. ते कुटं आले! हितलंच तिकडं जातंय, आन् दारातनं परत फिरतंय." त्यांनी पदर सारखा केला. "असं दारातनं परत धाडू नका, मास्तर. घ्यायची सोय करा."

"मी टीव्ही परत आणतो, आई," संभाजीराव म्हणाले.

"दिल्यालं मागायचं न्हाई."

"टीव्ही लागत नाही," मोघे म्हणाले. "टोकाला चित्र जिरवायला एक रेझिस्टर पुरतो. तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा."

"तेवढ्यात मावतंय?"

"सगळं अंगण मावतं. पण मग ती सावली जाईल, मथुराबाई. पुन्हा दिसणार नाही."

"दिसू न्हाईतर न दिसू. पोचल्याशी कारण."

मोघे एकटेच मोटारीच्या खोलीत गेले. फोन वैष्णवीला लावून बाजेवर ठेवला. डबा उघडला. पंचाहत्तर ओहमचा रेझिस्टर मिळाला. मीटरवर त्याने बरोबर पंचाहत्तर दाखवले. मग कनेक्टरसाठी हात घातला, आणि डब्यात कनेक्टर नव्हता. तिन्ही नवे घरात बसले होते, जिथे त्यांचा काही उपयोग झाला नव्हता.

"वैष्णवी," ते फोनकडे बघून म्हणाले, "पुढच्या रविवारी मी—"

आणि थांबले. आठ दिवस. स्वतःचा तोच आवाज, तोच हिशेब त्यांनी ऐकला. बाहेर उसाचे तुरे हलत होते. कोनाड्यातली चुन्याची डबी, खिळ्यावरचा सदरा, फळीवरचा स्वच्छ चौकोन, सगळं वाट बघितल्यासारखं स्वस्थ होतं.

"काय सर?"

"काही नाही. दोन मिनिटं थांब."

त्यांनी शर्टाच्या खिशात हात घातला. मोटारीच्या सॉकेटला कांडी लावली, तापेपर्यंत तार सोलली. रेझिस्टरचा एक पाय पिनेला, एक अंगाला. सोल्डरमधल्या राळेचा धूर वर गेला आणि कवडशात थोडा वेळ राहिला. कनेक्टर तारेवर चढवून त्यांनी चिमट्यात दाबला आणि सदऱ्याशेजारच्या खिळ्याला केबलचा वेढा दिला.

फोनवरून वैष्णवीचा आवाज आला. "सर... चित्र थोडं अंधारलं. आणि एकच आहे. तुळस एकच आहे. आई अंगणात आलीये. एकटीच आहे."

मग फोन हातातून हातात गेल्याचा आवाज.

"मास्तर, पोचलं का?"

मोघ्यांनी खिळ्याकडे पाहिलं.

"पोचलं."

"मग झालं," मथुराबाई म्हणाल्या. "संभा, मला उचलून अंगणात बसव जरा. सूप दे हितं. त्यास्नी शेंगा निवडताना दिसली पायजे."

सोमवारी संभाजीरावांनी डॉक्टरांची वेळ रद्द केली. तिकडच्या बाईंनी कारण विचारलं, तेव्हा ते म्हणाले, आई बरी आहे, टीव्ही बिघडला होता.

नारायण पेठेत कुसुमताईंनी डबा उचलून हलवून पाहिला. "हलका झाला. पडला का फरक?"

"नाही," मोघे म्हणाले. "कधीच पडला नसता."

कुसुमताईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि पानं घ्यायला गेल्या.

मूळ शेऱ्यात दुरुस्ती करण्याबाबत अद्याप कार्यवाही झालेली नाही. मांजरीच्या मोटारीच्या खोलीत, सदऱ्याशेजारच्या खिळ्याला आहे तो कनेक्टर पन्नास ओहमचा आहे.